जेफ मिल्सचे तीन डेक आणि ९०९: सेट कसा ऐकायचा, सराव कसा करायचा?

रात्रपाळी (प्रश्न)

मंडळी, डेट्रॉइटचा टेक्नो डीजे जेफ मिल्स याच्या लाइव्ह सेटबद्दल (सलग वाजवलेल्या कार्यक्रमाबद्दल) नेमकं काहीतरी हवंय, हाताने करून पाहता येईल असं. तो थोर आहे यावर इथे कुणाचं दुमत नसणार. साठी ओलांडलेला माणूस आजही चार डेक (रेकॉर्ड वाजवायची यंत्रं) आणि रोलंडचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन एकट्याने सांभाळतो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणतो. तो काटा नेमका कुठून येतो, हे समजून घ्यायचंय.

१) कोणतं रेकॉर्डिंग आधी ऐकावं, आणि ऐकताना लक्ष कशावर ठेवावं?

२) सरावासाठी सामान असं आहे: दोन टर्नटेबल, एक सीडीजे (डीजेंचा सीडी प्लेअर), चार चॅनेलचा मिक्सर आणि ९०९ च्या आवाजांसाठी टीआर-८एस हे नवं ड्रम मशीन. सिंक (यंत्राने आपोआप वेग जुळवणं) वापरायचं नाही. वेग १३५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १३५ मात्रा. अडचण अशी की मशीन आणि रेकॉर्ड बरोबर जुळवले तरी मिनिटभरात ठेका दुहेरी ऐकू यायला लागतो.

३) मशीनची किक (बास ड्रमचा ठोका) आणि रेकॉर्डची किक एकत्र वाजली की आवाज मोठा व्हायला हवा. तो उलट पोकळ होतो. का?

४) तिसरा डेक आणला की सगळी खिचडी होते. मिल्सची का होत नाही?

---

समेवर

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

सुरुवात टोकियोच्या लिक्विड रूमपासून करा. २८ ऑक्टोबर १९९५ ची रात्र, १९९६ मध्ये सीडीवर आली. सत्तर मिनिटांच्या आसपास ३८ रेकॉर्ड. म्हणजे एका रेकॉर्डच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटंही येत नाहीत, आणि प्रत्येक जोडणीत दोन रेकॉर्ड एकावर एक वाजतात ते वेगळंच. त्यात सुई उडालेली ऐकू येते, मिक्स निसटून पुन्हा पकडलेला ऐकू येतो, लोकांचा आरडाओरडा ऐकू येतो. हे काहीही पुसलेलं नाही. शिकणाऱ्यासाठी हीच त्याची सगळ्यात मोलाची बाजू आहे, कारण निसटलेला ठेका तो किती मात्रांत परत आणतो ते मोजता येतं.

ऐकण्याची पद्धत: पहिल्यांदा फक्त किक ऐका. दुसऱ्यांदा किक विसरा आणि फक्त हाय-हॅट (ड्रममधली झांज) ऐका. नवा रेकॉर्ड येतोय याची पहिली खूण बहुतेक वेळा हॅटमध्ये मिळते, किक नंतर बदलते. तिसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसा. हॅट कोणत्या बारला (चार मात्रांच्या गटाला) बदलली, किक कोणत्या बारला, जुना रेकॉर्ड कधी गेला, एवढेच तीन आकडे लिहा. दहा जोडण्या लिहून झाल्या की लक्षात येईल, नवा रेकॉर्ड आणताना तो जितकी काळजी घेतो तितकीच जुना काढताना घेतो. आणि काढतो लवकर. रेकॉर्डमधलं जे सांगण्यासारखं आहे ते सांगून झालं की पुढच्या बारला तो रेकॉर्ड नसतो. माझ्या मते अंगावर काटा येतो तो इथे. कान एखाद्या आवाजाला सरावण्याआधीच तो आवाज गेलेला असतो.

यानंतर २००४ ची 'एक्झिबिशनिस्ट' डीव्हीडी. त्यात हात, डेक आणि मिक्सर वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून दिसतात. ऐकून झाल्यावरच बघा. आधी बघितलं तर नजर हातांच्या वेगावर खिळते आणि कान मागे पडतात. ९०९ साठी २०१५ चं 'एक्झिबिशनिस्ट २'.

या वेगाचं मूळही माहीत असावं. ऐंशीच्या दशकात डेट्रॉइटच्या रेडिओवर, डब्ल्यूडीआरक्यू आणि डब्ल्यूजेएलबीवर, तो 'द विझार्ड' या नावाने वाजवायचा. टेक्नो, हिप-हॉप, इलेक्ट्रो, सगळं झपाट्याने कापत. मग माइक बँक्ससोबत अंडरग्राउंड रेझिस्टन्स हा गट, १९९२ मध्ये स्वतःचं ॲक्सिस हे रेकॉर्ड लेबल. क्लबमधला तो सुसाट हात रेडिओवर घडलेला आहे.

---

०.०७

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे, आणि गणित सोपं आहे.

१३५ बीपीएमला एक मात्रा ०.४४४ सेकंदाची, चार मात्रांचा बार १.७८ सेकंदांचा, ३२ बार म्हणजे ५७ सेकंद. दोन किकमध्ये ३० मिलिसेकंदांच्या आसपास अंतर पडलं की कानाला स्पष्ट "ट-टक" ऐकू येतं. ५७ सेकंदांत ३० मिलिसेकंद सरकायला वेगात फरक किती लागतो? ०.०५ टक्के. म्हणजे १३५ ऐवजी १३५.०७. मिनिटभरात ठेका दुहेरी होतोय म्हणजे तुमचं जुळवणं वाईट नाही, उलट खूप जवळ पोचलंय.

आता टर्नटेबलचा फेडर (वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी) बघा. टेक्निक्सच्या टर्नटेबलवर उणे ८ ते अधिक ८, म्हणजे १६ टक्के, साधारण दहा सेंटिमीटरमध्ये बसवलेले असतात. ०.०५ टक्के म्हणजे त्या फेडरवर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. एवढं बारीक बोट कुणाचंच नसतं, मिल्सचंही नाही. म्हणून तो डेकला सतत हात लावत असतो. बघणाऱ्याला ती लगबग वाटते, प्रत्यक्षात ते रेकॉर्डला मशीनच्या पावलावर ठेवणं असतं. एकदा जुळवून सोडून देता येईल अशी ही गोष्टच नाही.

सीडीजेवर टेम्पोची कक्षा ±६ ठेवा. तिथे एक पायरी ०.०२ टक्क्यांची असते, म्हणजे एका पायरीची चूक मिनिटाला १२ मिलिसेकंद. ±१० किंवा ±१६ वर पायरी ०.०५ ची होते आणि चूक मिनिटाला ३० पर्यंत जाऊ शकते. बरेच जण ±१६ वर ठेवून मग "जुळत नाही" म्हणतात.

करायचं असं:

मशीन १३५.० वर लावा आणि त्यानंतर त्याच्या टेम्पोला हात लावू नका. तेच घड्याळ. डेक त्याच्या मागे चालतील. मशीनचा टेम्पो हलवलात तर एका वेळी तिन्ही डेक निसटतात आणि कुणाला कुणाशी जुळवायचं हेच कळत नाही.

रेकॉर्ड मागे पडला तर लेबलच्या कडेला बोट टेकवून हलकेच पुढे ढकला, पुढे गेला तर प्लॅटरच्या (फिरत्या तबकडीच्या) कडेला बोट घासा. प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच दिशेने फेडर केसभर. एकाच दिशेने लागोपाठ तीनदा ढकलावं लागलं तर फेडर चुकलाय. एकदा पुढे, एकदा मागे असं होत असेल तर फेडर बरोबर आहे आणि हात जास्त जोरात पडतोय.

दुरुस्ती किकवर ऐकून करू नका. किकचा आवाज पसरट, त्यात १०-१५ मिलिसेकंद लपून जातात. बंद हाय-हॅटवर ऐका, तिची धार बारीक असते.

सरावासाठी लॉक्ड ग्रूव्हचा रेकॉर्ड सर्वांत उत्तम. मिल्सचा १९९४ चा 'सायकल ३०' अशाच खाचांसाठी ओळखला जातो. सुई एकाच वर्तुळात फिरत राहते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरी बरोबर १.८ सेकंदांची, त्यात चार मात्रा बसवल्या की वेग १३३.३३ बीपीएम. फेडर +१.२५ वर आणला की १३५. रेकॉर्ड संपायची घाई नाही, म्हणून मशीनसोबत दहा-दहा मिनिटं धरून ठेवता येतो. आधी एक डेक आणि मशीन पाच मिनिटं न निसटता, मगच दुसरा डेक.

---

पोकळ_किक

तिसरा प्रश्न. किकचा मुख्य भार ५० हर्ट्झच्या आसपास असतो. त्या लहरीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. दोन किक १० मिलिसेकंदांच्या अंतराने पडल्या तर एकीची लहर वर जात असताना दुसरीची खाली जाते, दोघी एकमेकींना खातात आणि उरतो फक्त वरचा "टक". वाईट भाग असा की १० मिलिसेकंदांचं अंतर दुहेरी ठेका म्हणून ऐकू येत नाही. जुळलंय असं वाटतं आणि बेस मात्र गायब असतो.

उपाय एकच: खालच्या पट्टीत एका वेळी एकच मालक. मशीनची किक आत असेल तर रेकॉर्डचा लो (मिक्सरवरची बेसची खुंटी) पूर्ण खाली. अदलाबदल बारच्या पहिल्या मात्रेवर, दोन्ही हातांनी, एकदम. हळूहळू फिरवलंत तर मधले चार बार दोन्ही अर्धे-अर्धे वाजतात आणि पोकळी तिथेच येते.

टीआर-८एस मिक्सरला कसं जोडलंय हेही तपासा. यूएसबीने संगणकातून फिरवून आणलं असेल तर ५१२ सॅम्पलच्या बफरला (संगणक आवाज साठवून मग पुढे सोडतो त्या तुकड्याला), ४४.१ किलोहर्ट्झवर, एका दिशेचे ११.६ मिलिसेकंद जातात. हेडफोन मिक्सरला लावून जुळवत असाल तर ही दिरंगाई कान आपोआप भरून काढतो, कारण ती तुमच्या ऐकण्यातही असते. पण मशीनच्या स्वतःच्या हेडफोन भोकातून ऐकून जुळवलंत तर लोकांना ११.६ मिलिसेकंदांची चूक ऐकू जाणार. सरळ ॲनालॉग वायरने मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडा, प्रश्न मिटतो.

दुसरी अशीच फसगत स्पीकरची. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे सात मीटरवरच्या मुख्य स्पीकरचा आवाज तुमच्यापर्यंत २० मिलिसेकंद उशिरा येतो. मशीनवर बोटाने टॉम किंवा क्लॅप वाजवताना तो ऐकून वाजवलंत तर प्रत्येक ठोका उशिरा पडेल. कानाजवळचा बूथ मॉनिटर (डीजेसाठीचा स्पीकर) मोठा ठेवा आणि फक्त तोच ऐका.

पातळीबद्दल: छापील रेकॉर्ड आधीच दाबून मोठा केलेला असतो, मशीनची किक कच्ची आणि टोकदार. मीटरवर दोन्ही सारख्या दिसल्या तर कानाला मशीन बारीक वाटतं आणि माणूस ते वाढवत जातो, मग मिक्सर फाटतो. किकचा डिके (विरायला लागणारा वेळ) थोडा वाढवा, अटॅक (सुरुवातीचं टोक) थोडा कमी करा. आवाज वाढवायची गरज निम्मी होते.

---

तिसरी_तबकडी

चौथ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण मिल्सचं खरं वैभव इथे आहे.

खिचडी होते ती तीन "पूर्ण" गाणी एकत्र आणल्यामुळे. मिल्स वाजवतो ते रेकॉर्ड बहुतांशी पूर्ण नसतातच. ॲक्सिस आणि विशेषतः पर्पज मेकर या त्याच्या दुसऱ्या लेबलवरचे त्याचे रेकॉर्ड काढून बघा: एक कल्पना, चार-आठ बारांची, फारशी प्रस्तावना नाही, मोठा ब्रेक नाही, गाणं म्हणावं असं फार थोडं. घरी एकटं ऐकलं तर अपुरं वाटेल. ती जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या डेकसाठी मोकळी सोडलेली आहे. पर्पज मेकर या नावातच तो हेतू आहे.

म्हणून आधी रेकॉर्डची पेटी नीट करा. चाळीस रेकॉर्ड घ्या. त्यातले निदान पंधरा निव्वळ तालाचे असावेत, सूर नसलेले. दहा असे की ज्यांत एकच सूर किंवा एकच कॉर्ड परत परत येते. पाच ठळक ओळखीचे, ज्यांच्यासाठी लोक ओरडतील. लिक्विड रूममध्ये डेरिक मेचं १९८७ चं 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' असंच येतं. एवढ्या कोरड्या तालानंतर तो पियानो येतो म्हणून डोळ्यांत पाणी उभं राहतं, सगळाच सेट पियानोचा असता तर ते झालं नसतं. उरलेले दहा मधले, कुठेही चालतील असे. दोन सुरेल रेकॉर्ड एका वेळी कधीच नाही, हा नियम मोडला की सगळ्यात आधी खिचडी होते.

मग डेकची कामं वाटा. पहिला डेक अंग: किक आणि बेस. दुसऱ्यावर येणारा रेकॉर्ड. तिसऱ्यावर दागिना: हॅट, कॉर्ड, एखादा आवाज. तिसऱ्याचा लो कायम बंद, मिडही (मधली पट्टी) अर्ध्यावर. तो जास्तीत जास्त १६ बार, १३५ ला साधारण २८ सेकंद, आणि बाहेर. २८ सेकंद फार थोडे वाटतात, पण लोकांना तेवढ्यात कळतं. मग तो पुन्हा आणला की ओळखीचा वाटतो.

प्रत्येक रेकॉर्डवर सुई कुठे टेकवायची ते आधी ठरलेलं असावं. लेबलवर छोटा कागद चिकटवून लिहा: "बाहेरून दुसरी गडद पट्टी, फक्त हॅट". रेकॉर्डच्या खाचांत गडद-फिकट पट्ट्या दिसतात. मोठा भार असलेला भाग आणि रिकामा भाग वेगळे दिसतात, अंधारात छोट्या दिव्याने तिरपं बघितलं की कळतं. मिल्सचा वेग हा हातांचा वेग कमी आणि या आधीच्या अभ्यासाचा जास्त आहे. दोन मिनिटांत रेकॉर्ड शोधायचा, काढायचा, जुळवायचा आणि लावायचा, हे काम शोधण्यात वेळ गेला तर अशक्य होतं.

सराव: दोन डेकवर दर १६ बारांना बदल, न चुकता, अर्धा तास. गाणं कितीही आवडो, १६ बार झाले की बदल. त्या अर्ध्या तासात साधारण ६० बदल होतात. ते जमेपर्यंत तिसरा डेक बंद.

---

रात्रपाळी

हे सगळं फारच उपयोगाचं आहे. लॉक्ड ग्रूव्हचं गणित तर भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं. ±१६ ची चूक होत होती, आणि हेडफोनही मशीनलाच जोडलेले होते.

आता ९०९ कसं *वाजवायचं* ते सांगा. पॅटर्न भरून चालू केला की ते पार्श्वभूमीला पडून राहतं. मिल्सचं तर तबल्याच्या सोलोसारखं ऐकू येतं.

---

डग्गा_बंद

तबल्याची उपमा अगदी बरोबर आहे, आणि तिच्यात उत्तरही आहे.

९०९ वर सोळा पायऱ्या (ठोके भरायच्या जागा), तीनतालात सोळा मात्रा. तीनतालात मात्रा १० ते १३ ला डग्ग्याची घुमक थांबते, 'धिं'चं 'तिं' होतं. ताल चालूच असतो, फक्त खालचा आवाज काढून घेतलेला असतो, आणि म्हणून चौदाव्या मात्रेला डग्गा परत येतो तेव्हा समेची चाहूल लागते. मिल्स ९०९ वर बारांच्या पातळीवर हेच करतो. किक काढतो, हॅट आणि रिमवर (ड्रमच्या कडेच्या ठोक्यावर) लय धरून ठेवतो आणि किक सम गाठून परत टाकतो. ऐकणाऱ्याचं शरीर त्या रिकाम्या जागेत किक स्वतःच मोजत असतं.

मूळ ९०९ थोडं समजून घ्या. रोलंडने १९८३ मध्ये आणलं, अकरा वाद्यं. किक, स्नेअर, टॉम, रिम, क्लॅप हे ॲनालॉग मंडलांतून येतात. हाय-हॅट, क्रॅश आणि राइड मात्र ६ बिटच्या छोट्या नमुन्यांतून, म्हणून त्यांना ती खरखरीत धार आहे जी मोठ्या गोंगाटातूनही वर येते. उघडी आणि बंद हॅट एकाच मार्गाने येतात, एक वाजली की दुसरी तुटते. ही तूट वाद्य म्हणून वापरता येते. टीआर-८एसवर हेच अकरा आवाज अकरा उभ्या फेडरवर आहेत, ते तर मूळ मशीनच्या गोल खुंट्यांपेक्षा वाजवायला सोपे.

पॅटर्न चारच भरा:

पहिला: किक १, ५, ९, १३. बाकी काही नाही.

दुसरा: तीच किक, उघडी हॅट ३, ७, ११, १५ वर, बंद हॅट उरलेल्या पायऱ्यांवर.

तिसरा: किक, क्लॅप ५ आणि १३ वर, राइड विषम पायऱ्यांवर.

चौथा: किक नाहीच. रिम ४, ७, १२, १५ वर, लो टॉम ११ आणि १४ वर, बंद हॅट सोळाही पायऱ्यांवर.

पॅटर्नचं बटण आधी दाबलं तरी बदल चालू पॅटर्न संपल्यावर होतो, हे मूळ ९०९ चं वागणं. म्हणून बोट शेवटच्या दोन मात्रांत पडलं तरी चालतं. अगदी समेवर दाबायला गेलात आणि क्षणभर उशीर झाला तर बदल पुढच्या बारला जातो. नवशिक्यांची किक एक बार उशिरा येते ती यामुळेच.

सुरुवात सगळे फेडर शून्यावर ठेवून करा, पॅटर्न मात्र चालू. रेकॉर्ड वाजतोय, मशीन त्याच्याखाली मुकं चालतंय. आधी हॅट वर आणा, चार बार ऐका, जुळलीय याची खात्री करा. मग रेकॉर्डचा लो बंद आणि त्याच मात्रेवर मशीनची किक वर. आठ बारांनी रेकॉर्ड पूर्ण खाली. आता मशीन एकटं आहे. इथे घाबरून सगळे फेडर वर करायचा मोह होतो, तो टाळा. एका वेळी तीनच वाद्यं. चौथं आणायचं तर एक काढा. दोन मिनिटं असं वाजवून दाखवणं हे चार डेक जुळवण्यापेक्षा अवघड आहे, आणि मिल्स ते हजारो लोकांसमोर करतो याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

शफल शून्यावर. शफल सम पायऱ्या मागे ढकलतं, रेकॉर्ड सरळ चालीचा असेल तर हॅट दर दुसऱ्या पायरीला भांडते आणि जुळणी बिघडलीय असा भास होतो.

तबल्याचाच विषय निघालाय म्हणून: नायजेरियन ड्रमवादक टोनी ॲलनसोबत २०१८ मध्ये मिल्सने 'टुमॉरो कम्स द हार्वेस्ट' केलं. २०२० मध्ये ॲलन गेले, त्यानंतर ते काम कीबोर्डवादक जाँ-फी दारी आणि तबलावादक प्रभू एदुआर यांच्यासोबत पुढे चाललं. तबल्याच्या बाजूला ९०९ कसं वाजतं हे ऐकायचं असेल तर हे नक्की ऐका. मशीन किती मागे राहतं, किती जागा सोडतं, तेवढंच ऐकलं तरी बरंच शिकायला मिळतं.

---

तिसरी_तबकडी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक मतभेद. चौथ्या पॅटर्नमधली सोळा पायऱ्यांची हॅट काढून आठवर आणा. रेकॉर्डमध्ये आधीच सोळाची हॅट असते, दोन्ही मिळून फुसफुस होते. मशीन एकटं असेल तेव्हा सोळा ठीक.

आणि टर्नटेबलची काळजी, जी सगळे विसरतात. सुईचा भार ३ ते ४ ग्रॅम, काट्याने मोजून. त्याहून कमी ठेवलात तर ढकलताना उडेल. डेकखाली फोम किंवा रबर, कारण मोठ्या बेसला टेबल थरथरतं, ती थरथर सुई उचलते आणि घूं-घूं वाढत जातं. तसं झालं तर आवाज कमी करण्याआधी त्या डेकचा लो बंद करा, लगेच थांबतं. जपानहून जुनं ९०९ किंवा डेक मागवणार असाल तर मागचा आकडा आधी वाचा: तिथली यंत्रं १०० व्होल्टची असतात, आपल्या २३० ला सरळ जोडली तर आतलं ट्रान्सफॉर्मर जळतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, यंत्राच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा.

---

रात्रपाळी

हॅट आठवर आणली, ±६ केलं, हेडफोन मिक्सरला. लॉक्ड ग्रूव्ह आणि मशीन आता साडेतीन मिनिटं टिकतंय. एकाच दिशेने ढकलावं लागतंय.

---

०.०७

मग फेडर चुकलाय. त्याच दिशेने केसभर, आणि पुन्हा शून्यापासून मोजा.